सुधाकर, बंगई टांगली

सुधाकर, तुझं सीलिंग फोडलं. आधी हेच सांगून टाकते, मागाहून कळलं तर तोंड फुगवून बसशील. हॉलच्या मधोमध, तुझ्या त्या निळ्या दिव्यांच्या पट्टीला लागून फोडलं. पांढरी भुकटी अशी उडाली की सोफा, टीव्ही, माझे केस, सगळे एका रंगाचे झाले. मिस्त्री शिडीवरून खाली वाकून म्हणाला, "मॅडम, इतकं नवं काम आहे, फोडाले हात नाही वळून राहिला." मी म्हटलं, "फोडा. मी आहे ना इथं उभी."

तुला जाऊन अजून उन्हाळासुद्धा सरला नाही. तू गेलास त्याच्या थोडं आधी आपण खिडकीत कूलर बसवला होता, तोच अजून घरघरतो आहे. लोक म्हणतात, एवढ्यात हे काय सुरू केलं हिनं? वर्ष तरी होऊ द्यायचं. पहिल्या वर्षात घरात नवी वस्तू आणत नाहीत, भिंतीला खिळा मारत नाहीत. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी तर दारात उभं राहून मला हे सगळं समजावून सांगितलं, तेही ड्रिल चालू असताना, ओरडून ओरडून. मीही ओरडूनच म्हटलं, "ऐकू नाही येऊन राहिलं हो!" ऐकू सगळं येत होतं.

आणि हो, तुला अरे-तुरे करते आहे. सक्करदऱ्याच्या तुमच्या एकत्र घरात सगळा संसार 'अहो' म्हणण्यात गेला. अहो, जेवायला चला. अहो, दादा बोलावून राहिले. या फ्लॅटमध्ये राहायला आलो त्या दिवशी मी मुद्दाम म्हणून पाहिलं, "सुधाकर, पंखा लाव गा." तू असा दचकलास, जसं वर्गात कोणी तुझं नाव घेतलं. मग हसलास आणि म्हणालास, "लावतो ना वं, मास्तरीणबाई." शाळेत मी गणित शिकवते, तिथं कोणी मास्तरीण म्हटलेलं मला चालत नाही. तुझ्या तोंडून चालायचं. आता तसं म्हणणारं कोणी नाही, आणि त्याचा मला राग येतो. रडू येतं ते वेगळं. राग जास्त येतो.

पन्नाशीच्या तोंडावर आपल्याला स्वतःचं घर मिळालं. तेही मनीषनगरात. इतवारीतल्या तुमच्या भांड्यांच्या दुकानापासून लांब, तुझ्या मोठ्या भावाच्या, दादांच्या, नजरेपासून त्याहून लांब. लोकांना स्वयंपाकघराची हौस असते, देवघराची असते. आपली सगळी भांडणं हॉलवरून. भिंतीला रंग कोणता, यावर आपण इतके भांडलो की रंगवाल्यानं कंटाळून भिंतीवर नमुन्याचे चौकोन मारून ठेवले आणि म्हणाला, ठरलं की फोन करा. तुला लिंबाचा रंग पाहिजे होता, मला पांढरा. तू म्हणालास, "पांढरा काहून? दवाखाना आहे का?" मी म्हटलं, "मग लिंबू काहून? रसवंती आहे का?" ते चौकोन अजून भिंतीवर तसेच आहेत. येणारा प्रत्येक जण विचारतो. मी सांगते, डिझाइन आहे.

सोफा घ्यायला गेलो तेव्हा तू दुकानातल्या एकेका सोफ्यावर पाय पसरून डोळे मिटायचास. सेल्समन बिचारा माझ्याकडे पाहायचा. मी म्हणायचे, त्यांना उठवू नका, ते तपासून राहिले. पडद्याच्या कापडासाठी इतवारी पालथी घातलीस. भाव करायची तुला अशी खोड की गल्लीतून बाहेर पडताना हातगाडीवाल्याशीही वाद घातलास. आणि एवढं करून आणलं काय, तर हत्तींची रांग असलेलं कापड. सोंडा वर केलेले हत्ती! मी म्हटलं, मला हॉलमध्ये सर्कस नको. तू म्हणालास, "सोंड वर असली का शुभ असते वं." शुभ! पाहिलंस ना किती शुभ झालं ते. तरी पडदे मी त्या हत्तींचेच लावलेत. दुपारी ओढून घेतले आणि कूलर लावला की हॉल असा गार आणि अंधारा होतो की मुकाट्यानं मान्य करावं लागतं. कापड चांगलं निघालं. झालं समाधान?

पण सीलिंगचं कौतुक मी मुळीच करणार नाही. बंगई पाहिजे, बंगई पाहिजे म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं? तू. फ्लॅटची किल्ली हातात आली त्या दिवशी रिकाम्या हॉलच्या मधोमध उभं राहून, वर बघत, "इथं बंगई," असं कोण म्हणालं? तू. आपली लेक मृणाल पुण्याला नोकरीला गेल्यापासून झोपाळा म्हणायला लागली, तर फोनवर तिला, "बंगई म्हण, बंगई," म्हणून दटावायचास तू. आणि स्लॅबमध्ये हुक बसवायच्या आधी पीओपीवाल्याला आणून, दिवे लावून, वरून सगळं गुळगुळीत बंद करून मोकळं कोण झालं? तूच ना गा, भैताडा! कोणाच्या तरी घरी निळे दिवे पाहून आलास आणि लगेच माणूस घेऊन हजर. काम संपलं, दिवे लागले, तू कमरेवर हात ठेवून वर बघत उभा राहिलास आणि बघता बघता तुझा चेहरा उतरत गेला. "अरे बापा," म्हणालास. "हुक राहूनच गेले ना."

मी इतकी हसले की भिंतीला टेकून खाली बसले. तूही हसलास शेवटी. तुला वाटलं मी तुझ्या वेंधळेपणाला हसते आहे. तेही होतंच. पण आतून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. बंगई टळली.

टळली कसली! तू हार मानणारा नव्हतास. दुकानातून बंगईच्या पितळी कड्या घेऊन आलास, पोत्यात बांधून, स्कूटरवर पायाशी ठेवून. बाल्कनीत बसून चिंच लावून त्या घासल्यास. आयुष्यभर दुसऱ्यांना भांडी विकली, घरातलं एक पातेलं कधी घासलं नाहीस, आणि त्या कड्या मात्र आंघोळ घातल्यासारख्या धूत बसला होतास. सीलिंगचं काय, विचारलं तर म्हणायचास, "होऊन जाईल वं." तुझं सगळंच होऊन जाणार असायचं.

मला बंगई का नको होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. जागा जाते म्हटलं. येता-जाता गुडघ्याला लागते म्हटलं. पाहुण्यांची पोरं लोंबकळतील म्हटलं. खरं कारण सक्करदऱ्याच्या बैठकीत टांगलेलं होतं, आणि ते तुझ्या डोळ्यांसमोर होतं.

आधी त्या बंगईवर मामंजी बसायचे. ते गेल्यावर दादा बसायला लागले. मी धाकटी सून. डोक्यावर पदर, हातात ट्रे, आणि बंगईच्या बाजूला उभी. बंगई मागे गेली की थांबायचं, पुढे आली की कप द्यायचा. चहा सांडला तर चूक आपली, बंगईची नाही. कप रिकामा होईपर्यंत तिथंच उभं राहायचं. दादा माझ्याशी बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोशी तोंडातोंडी बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. मी हातभर अंतरावर उभी असताना ते माझ्या मोठ्या जावेला, कुसुमताईंना, सांगायचे, "तिले सांग, साखर कमी आहे." ताई माझ्याकडे वळून म्हणायच्या, "साखर कमी आहे म्हणतात वं." मी मान हलवायची. दिवसभर शाळेत भरल्या वर्गासमोर घसा फोडून शिकवून आलेली मी, घरी आले की मला ऐकूच येत नाही असं समजून माझ्याबद्दल बोललं जायचं. ताई आणि मी, आम्ही आळीपाळीनं उभ्या राहायचो. एकीचे पाय दुखले की दुसरी.

आणि तू तरी कुठं बसायचास? मोठ्या भावासमोर बंगईवर बसायचं नाही, म्हणून तू खाली सतरंजीवर. दादा बाहेर गेले की लगेच जाऊन बसायचास, पोरासारखे मोठमोठे झोके घ्यायचास, आणि खाली त्यांच्या स्कूटरचा हॉर्न वाजला की उडी मारून उठायचास. बंगई हलताना दिसू नये म्हणून हातानं धरून ठेवायचास. केस पिकले तरी उठायचास. त्या एका बंगईनं तुला खाली बसवलं आणि मला उभं ठेवलं. तुझ्या मनानं घेतलं, आपली एक पाहिजे. माझ्या मनानं घेतलं, डोळ्यांसमोर नको. एका खोलीत राहून आपण हे एकमेकांना सांगितलं नाही. पडद्यांवर मात्र तासन् तास बोललो.

बंगईचा पाट आला तो दिवस आठव. सागवानी, चांगला रुंद, दोन माणसांनी वर आणून भिंतीला टेकवून ठेवला. मी शाळेतून आले, पर्स खाली ठेवायच्या आधी सुरू झाले.

"केवढा हा पाट?"

"दोघांचा आहे."

"दोघं कोण? तू अन् तुझं पोट?"

"तू अन् मी."

"मी मरेपर्यंत नाही बसणार त्याच्यावर. आत्ताच सांगून ठेवते."

तू पाटावरून हात फिरवत होतास. माझ्याकडे पाहिलंही नाहीस. हसलास आणि म्हणालास, "पाहू ना वं."

दुसऱ्या दिवशी तू दुकानात गेलास आणि घरी आला नाहीस. भांडण अर्ध्यावर टाकून कोणी असं जातं का? मी दिवसभर शाळेत पुढचं वाक्य तयार करून ठेवलं होतं. ते अजून तसंच आहे माझ्याजवळ, आणि आता ते कोणाला ऐकवू ते सांग.

एक गोष्ट मला काही सुचू देत नाही. दोघांचा पाट तू का सांगितलास? तुझ्या हौसेसाठी एकाचाही चालला असता. माझं ते ट्रे घेऊन उभं राहणं तुला दिसत होतं का? सतरंजीवर बसून खालून तुला माझे पाय तर दिसत असतील. दिसत होतं, म्हणून रुंद पाट? की सुताराकडे तेवढ्याच मापाचं लाकूड होतं म्हणून रुंद पाट? तुझा काही भरवसा नाही, दुसरंही असू शकतं. पण मी पहिलंच धरून चालणार आहे. तू नाही म्हणायला इथं नाहीस, त्याचा मला एवढा तरी फायदा.

तुझी तेरवी सक्करदऱ्याच्या घरी झाली. मी हो-नाही म्हणायच्या मनःस्थितीत नव्हते. जेवणं उरकल्यावर पुरुष मंडळी बैठकीत बसली, दादा बंगईवर. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. झोका घेत नव्हते, नुसते बसले होते. मग ताईंकडे बघून म्हणाले, "तिले सांग, फ्लॅट काढून टाकू. वास्तू लाभली नाही. वरची खोली तिचीच आहे, एकटीनं तिकडं राहाची काही गरज नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मृणाल उसळली, मी तिचा हात दाबून धरला. मी तिथंच दाराशी उभी होते, ताई माझ्याकडे वळल्या. त्या नुसत्या रडल्या.

दादा वाईट माणूस नाहीत, हे तुला मी सांगायला नको. तुला दुकानात त्यांनीच शिकवून तयार केलं. तुला खांदा देताना त्यांचे पाय लटपटत होते, तरी त्यांनी खांदा बदलू दिला नाही. त्यांना खरंच वाटतं की माझं भलं त्यातच आहे. पण वास्तू लाभली नाही? ज्या घरात तू जन्मात पहिल्यांदा बनियनवर पाय पसरून बसलास, ज्या घरात आंघोळीला जाताना मोठ्यानं गाणं म्हणालास आणि कोणी हळू म्हटलं नाही, ज्या घरात मला मास्तरीण म्हणत माझ्यामागं स्वयंपाकघरात आलास, भाजी चिरतो म्हणालास आणि बोट कापून घेतलंस, ते घर लाभलं नाही? लाभलं. भरपूर लाभलं. दिवस कमी मिळाले, त्याला घर काय करणार?

मी दुसऱ्याच दिवशी बॅग उचलून इकडे निघून आले. मागून दादांनी तुझा मोठा फोटो पाठवला, चंदनाचा हार घातलेला, हॉलच्या भिंतीवर लावायला. तो मी लावला नाही. त्यात तुझा चेहरा आधार कार्डावरच्यासारखा आलाय. आणि हॉलमध्ये हार घातलेला फोटो लागला की आलेला माणूस आधी त्या फोटोला हात जोडतो, मग माझ्याकडे बिचारी म्हणून पाहतो, आणि चहा पिऊन जातो. मला माझ्या हॉलमध्ये बिचारी व्हायचं नाही. फोटो कपाटात तुझ्या शर्टांमागं आहे. रागावायचं तर रागाव.

मृणाल चार दिवस राहून पुण्याला गेली. घरात मी, कूलर आणि भिंतीला टेकलेला तो पाट. रोज शाळेतून आलं की तो समोर. एक दिवस मी पोतं उघडलं. कड्यांवर परत काळपट झाक चढली होती. मी बादलीत चिंच भिजवली, बाल्कनीत बसले आणि घासल्या एकेक करून. घासता घासता इतकी रडले की वरच्या मजल्यावरच्या बाईंनी वाकून विचारलं, काय झालं? म्हटलं, चिंच गेली डोळ्यात. मग हात धुतले आणि मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्रीनं सीलिंग फोडलं, स्लॅबमध्ये हुक बसवले, उघड्या जागी गोल झाकणं लावली. तुझे निळे दिवे वाचले, काळजी करू नको. बंगई टांगून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, बसून पाहा." मी म्हटलं, "मी नाही बसत. तुम्ही पाहा." त्यानं स्वतःच बसून झोके घेतले, हुकांकडे पाहिलं, म्हणाला मजबूत आहे, आणि गेला. मी बसले नाही. शब्द दिला होता ना तुला, मरेपर्यंत नाही म्हणून. तुझ्याशी भांडताना बोललेला शब्द मी कधी मागं घेतला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? मी सोफ्यावर बसायची आणि बंगईकडे पाहायची. समोरच्या बाई म्हणाल्या, रिकामी बंगई हलू देऊ नये, दोरीनं बांधून ठेवा. तेव्हापासून मी येता-जाता मुद्दाम ढकलते तिला. करकर वाजते. वाजू दे म्हटलं.

मग गेल्या रविवारी ताईंचा फोन आला. आवाज दबलेला. "हे म्हणून राहिले, संध्याकाळी पार्टी येऊन राहिली फ्लॅट पाहाले. आम्ही दुपारीच येतो." मी फोन ठेवला आणि हॉल झाडून काढला. कोणासाठी झाडते आहे हे माझं मलाच कळेना.

दोघं आले. दादा जिन्यानं दमले होते, कपाळावर घाम. चपला काढून आत आले आणि थबकले. बंगईकडे पाहिलं, वर हुकांकडे पाहिलं, परत बंगईकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पाण्याचा ट्रे. कुर्ता घातला होता, तरी माझा एक हात आपोआप ओढणीकडे गेला, डोक्यावर घ्यायला. आणि दादांचे पायही आपोआप बंगईकडे वळले. त्यांच्या मनात काही नव्हतं रे, मला पक्कं माहीत आहे. बैठकीत बंगई असली की बसायचं ते आपणच, एवढंच त्यांच्या पायांना ठाऊक. एक हात त्यांनी कडीला लावला आणि बसायला वळले.

मला तो ट्रे एकदम जड झाला. आज हे इथं बसले की मी बाजूला उभी राहणार, पाणी देणार, ते ताईंना म्हणणार तिले सांग, आणि संध्याकाळी पार्टी येणार, आणि माझं घर जाणार. सगळं मला असं लख्ख दिसलं. मी ट्रे टीपॉयवर ठेवला, चार पावलं चालून गेले आणि बंगईवर बसले. त्यांच्या आधी.

दादा तसेच अर्धवट वळलेले. ताईंनी तोंडावर हात ठेवला. छाती इतकी धडधडत होती की मला वाटलं, मीही आता तुझ्यामागं येते. पण उठले नाही.

दादा सरळ झाले. भिंतीवरच्या रंगांच्या चौकोनांकडे बघत म्हणाले, "तिले विचार, हे काय लावलं आहे."

"दादा," मी म्हटलं, "ताईले काहून त्रास देता? मी इथंच बसली आहे. मलेच विचारा."

मग ते चौकोनांनाच म्हणाले, "संध्याकाळी पार्टी येऊन राहिली."

"पार्टीले फोन करा, येऊ नका म्हणा. घर विकायचं नाही. कागदावर पहिलं नाव माझं आहे, अन् ते सुधाकरनंच टाकायला लावलं."

"एकटी बाईमाणूस..."

"एकटी आहे म्हणूनच घर पाहिजे, दादा. सणाला येईन मी सक्करदऱ्याले. तुमचं काही दुखलं-खुपलं तर बोलावल्याशिवाय येईन. पण राहाले नाही येणार."

आवाज कापत होता माझा. वर्गात कधी कापत नाही. दादांनी परत कडी हातात घेतली, गिऱ्हाईकाला दाखवायची वस्तू घेतात तशी, बोटांनी चाचपून पाहिली. माझा झोका थांबला. "आपल्या दुकानच्या आहेत," ते म्हणाले.

"हो. त्यानंच निवडल्या."

"मले नाही सांगितलं त्यानं."

हे ते कोणाला म्हणाले कोण जाणे, पण ताईंना नाही. मी म्हटलं, "तुमच्यासमोर बंगईचं नाव काढायची त्याची हिंमत नव्हती." म्हणून गेले खरी, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं पाहून मलाही भरून आलं. पण शब्द मागं घेतला नाही. ते खरंच होतं. त्यांनी कडी सोडली, खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला. "चल वं," ताईंना म्हणाले, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

मी मान वळवून पाहिलं तर ताई बंगईच्या बाजूला उभ्या. मी टीपॉयवर ठेवलेला ट्रे त्यांनी केव्हा उचलला, त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं. डोक्यावर पदर, हातात ट्रे, नेहमीच्या जागी नेहमीसारख्या उभ्या. मला ते बघवेना.

"ताई, ठेवा ते खाली. बसा इथं."

"मी कशी बसू वं? हे खाली गेले."

"पाट दोघांचा आहे. बसा."

त्यांनी ट्रे ठेवला. दाराकडे पाहिलं. मग अगदी काठावर टेकल्या, गुडघे जुळवून, दोन्ही हातांनी कडी घट्ट धरून. मी पायानं जमिनीला रेटा दिला. "अवं माय!" म्हणून त्या किंचाळल्या आणि पदर खांद्यावर घसरला. मग हसायला लागल्या, हसता हसता रडायला लागल्या. म्हणाल्या, "रोज पुसली वं मी ती बंगई. लग्न होऊन आली तशी रोज पुसून राहिली. बसली नाही कधी."

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. तोच, तू उडी मारून उठायचास तो. ताईंचं अंग जागच्या जागी ताठ झालं, पाय जमिनीवर टेकले, बंगई थांबली. हॉर्न परत वाजला, जरा लांब. ताई दाराकडे बघत होत्या. मग त्या हळूच मागे सरकल्या, कडीला पाठ टेकवली, पाय वर घेतले.

"वाजू दे," म्हणाल्या. "सावलीत उभे आहेत ते. ढकल वं जराशी."

म्हणून तुला सांगायचं होतं, सुधाकर. मी बोललेलं मोडलं, बंगईवर बसले. तू जिंकलास. पण तुझी जागा गेली, ती आता ताईंची. त्या दर रविवारी येणार आहेत, तसं सांगूनच गेल्या. कुठं असशील तिथं तोंड फुगवू नको. आम्ही दोघी फार वर्षं उभ्या होतो. आता जरा तू उभा राहा.